फ्यूजकाका आणि सत्तावीस मेणबत्त्या

ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांच्या घरात वीज आणून दिली, त्याने निवृत्त झाल्यावर मेणबत्त्या करत बसावं, याला काय म्हणायचं? इमारतीतले लोक म्हणत, हौस. काकू म्हणत, खोड. स्वतः फ्यूजकाका काहीच म्हणत नसत, कारण बहुतेक वेळा त्यांच्या दातांत वातीचा दोरा धरलेला असे.

फ्यूजकाका वीज खात्यात लाइनमन होते. तक्रार आली की शिडी खांद्यावर टाकून निघायचं, खांबावर चढायचं, बिघाड शोधायचा, जोडायचा आणि उतरायचं. मात्र उतरण्याआधी टेस्टर लावून बघायचं. 'टेस्ट केल्याशिवाय खांबावरून उतरायचं नाही' हे त्यांचं वाक्य खात्यात इतकं गाजलं होतं की निरोप समारंभात साहेबांनीही भाषणात तेच म्हणून दाखवलं आणि वर ते आपलंच असल्यासारखा चेहरा केला.

सर्वांत जास्त तक्रारी त्यांच्या स्वतःच्याच इमारतीतून येत. तळमजल्यावर एक आजोबा राहत. वीज गेल्यापासून पाचव्या मिनिटाला त्यांचा कार्यालयात फोन. 'अजून आली नाही?' दहाव्या मिनिटाला दुसरा. पंधराव्या मिनिटाला ते फोन ठेवतच नसत, नुसता श्वास ऐकू येई. काका खांबावर असले तर आजोबा काठी टेकत खांबाखाली येऊन उभे राहत आणि मान वर करून विचारत, "अहो फ्यूज, घाई करा जरा! काय झोपलात का वर?" सगळी इमारत त्यांना तक्रार आजोबा म्हणायची, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

या नोकरीत एक गोष्ट मात्र काकांना कायम बोचत आली. वीज गेलेल्या घरात शिरलं की बशीवर चिकटवलेली मेणबत्ती दिसायची आणि तिच्याभोवती घरातली सगळी माणसं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, काहीतरी जुनं आठवून हसत असलेली. काका स्टुलावर चढायचे, तोंडात टॉर्च धरून फ्यूज बसवायचे, आणि दिवा लागायचा. 'आली!' असा एकच ओरडा. लगेच कोणीतरी धावत जाऊन मेणबत्तीवर फुंकर मारायचं, माणसं उठून आपापल्या खोल्यांत पांगायची, आणि स्टुलावरचा माणूस धुराचा वास घेत एकटाच खाली उतरायचा. घरी आल्यावर ते काकूंना म्हणत, "मी पोचलो की मेणबत्ती विझलीच. माझ्याइतक्या मेणबत्त्या वाऱ्याने पण विझवल्या नसतील."

"मग काय लोकांनी अंधारात बसायचं?" काकू म्हणत. काकू बालवाडीच्या बाई होत्या. त्यांना कोणाच्याही दुःखावर सरळ उत्तर द्यायची सवय होती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात काकांनी घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त केली. बिघडलेल्या वस्तू संपल्यावर ते चालू वस्तूंकडे वळले. इस्त्री उघडली, मिक्सर उघडला, दाराची बेल उघडली. मिक्सरचे तीन स्क्रू उरले आणि तरीही मिक्सर चालला, तेव्हापासून काकूंनी त्याला हात लावणं सोडलं. शेवटी त्यांनी हात जोडले. "अहो, ज्यात वायर नाही असं काहीतरी शोधा."

काकांनी शोधलं. स्वयंपाकघरातल्या खणात मेणबत्त्यांची वीसेक थोटकं पडली होती. ती त्यांनी वितळवली आणि भिंतीतून वायर न्यायला वापरतात त्या प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा कापून त्यात ओतली. तासाभराने पाइप आपटला तर आतून गुळगुळीत, सरळ, पांढरीशुभ्र मेणबत्ती बाहेर आली. काका तिच्याकडे बघतच राहिले. जन्मभर दुसऱ्यांचे दिवे लावले, पण हातात धरता येईल असा दिवा त्यांनी कधी केला नव्हता.

मग काय, स्वयंपाकघरामागची गॅलरी त्यांनी बळकावली. काकूंची कपडे वाळत घालायची दोरी एका कोपऱ्यात गेली. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, त्यात मेण. हातात खात्याचे जुने रबरी मोजे, कारण सवय. पाइपला आतून तेलाचं बोट, मधोमध वात, वात सरळ राहावी म्हणून वर काडीला गाठ. मेण गार होताना आक्रसतं आणि वातीभोवती खळगा पडतो, म्हणून थोडं मेण मागे ठेवून तो खळगा पुन्हा भरायचा. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या सहा मेणबत्त्यांच्या डोक्यांना खड्डे पडले, तेव्हा ते आपोआप कळलं.

रंगांचा प्रश्न काकूंनी सोडवला, आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला. बालवाडीत मुलं मेणाचे खडू मोडायची. ते तुकडे टाकवत नाहीत म्हणून काकू घरी आणत. सव्वीस वर्षांत सात डबे भरले होते. "बघा, मी म्हणत नव्हते कधीतरी उपयोग होईल म्हणून!" त्या म्हणाल्या. काका खडू किसून मेणात टाकू लागले. काय एकेक रंग आले! लाल असा की बघत राहावं, निळा असा की आकाशाने उसना न्यावा.

रंग आले तशी काकांची कला उफाळून आली. आधी सात थरांच्या मेणबत्त्या झाल्या. मग पानापानांचा कोबी झाला, गोल डोळ्यांचं घुबड झालं, बोरांएवढ्या लाल गोळ्या टाकलेलं आइस्क्रीम झालं. केकचा तुकडा तर इतका हुबेहूब जमला की घरी आलेल्या विमा एजंटने तो चावला. भिडस्त माणूस, गिळून म्हणाला, "छान आहे, गोड जरा कमी आहे." काकूंना पदराआड हसावं लागलं. काका मात्र पुढे महिनाभर ही गोष्ट प्रमाणपत्र दाखवावं तशी सगळ्यांना सांगत फिरले.

नातेवाईक, शेजारी, दवाखान्यातली नर्स, पेपर टाकणारा, कोणीही सुटलं नाही. ज्याच्या त्याच्या हातात काकांनी मेणबत्ती ठेवली. आणि प्रत्येकाने तेच म्हटलं, "अय्या, काय सुंदर! ही जाळवणार नाही हो!" मग ती मेणबत्ती कपाटात काचेमागे जाऊन बसे.

सुरुवातीला काकांची छाती या वाक्याने फुगायची. तीन वर्षांनी त्याच वाक्याने ती बसू लागली. तीनशेच्या वर मेणबत्त्या झाल्या होत्या आणि त्यातली एकही कोणी पेटवली नव्हती. काकांच्या मनात एकच इच्छा होती, आणि ती सांगायची त्यांना लाज वाटायची. कुठल्यातरी घरात आपली मेणबत्ती जळावी, तिच्याभोवती चार माणसं बसावीत आणि कोणी तिच्यावर फुंकर मारू नये. बस्स. दोनदा त्यांनी स्वतःच काड्यापेटी उचलली होती. पण आपला तो बाब्या. समोर घुबड टकामका बघत होतं. त्याच्या डोक्याला आग लावायला हात धजेना.

तिसऱ्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई राहत. एके दिवशी त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "काका, पंधरवड्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी आपल्या तळमजल्याच्या हॉलमध्ये माझ्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे. माझ्या मनात आहे की सगळे दिवे बंद करायचे आणि फक्त मेणबत्त्यांच्या उजेडात वाजवायचं. चोवीस लागतील. तुमच्या मिळतील का?"

"जाळणार?" काकांनी विचारलं.

"म्हणजे काय, जाळणारच की."

काकांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. वयाने त्या तीस वर्षांनी लहान होत्या म्हणून ते राहिलं.

पंधरा दिवस गॅलरीतून मेणाचा वास हटला नाही. एकासारखी दुसरी नाही अशा चोवीस मेणबत्त्या तयार झाल्या. कमळं, शंख, पिळाच्या, थरांच्या. शनिवारी सकाळी बाई बघायला आल्या. टेबलावर मांडलेला तो थाट बघून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले आणि मग सहज म्हणाल्या, "एक पेटवून बघूया? एकीचा उजेड किती पडतो ते कळेल, म्हणजे वहीवरच्या खुणा वाचता येतील का ते बघता येईल."

काकूंनी पडदे ओढले. काकांनी पिळाची जांभळी मेणबत्ती निवडली. काडी ओढली ती अगदी जपून. खांबावर अकरा हजार व्होल्टच्या तारेजवळही ते कधी इतके जपून वागले नव्हते.

ज्योत उभी राहिली. सरळ, पिवळी, ऐटदार. तिघंही पुढे वाकले. मग ज्योत जराशी बुटकी झाली. मग मोहरीएवढी झाली. मग जांभळ्या मेणात तिने एक गटांगळी खाल्ली आणि गेली.

"वारा असेल," काका म्हणाले. खिडक्या बंद होत्या.

कमळ पेटवलं. दोन मिनिटांत गेलं. शंख तेवढाही टिकला नाही. बाईंनी घड्याळात बघितलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. "काका, मनाला लावून घेऊ नका हं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "या आपण शोभेला मांडू. जाळायला मी दुकानातल्या आणते. उद्या दुपारपर्यंत आणल्या तरी चालतील."

दुकानातल्या! काकांचा चेहरा एवढासा झाला. पण आवाज त्यांनी खात्याचा काढला. "बिघाड आहे. शोधतो. उद्या दुपारी बारा वाजता तुम्हाला चोवीस मिळतील."

बाई गेल्यावर काका फोनकडे धावले आणि थोरल्या भावाला फोन लावला. "दादा, तुला मी घुबड दिलं होतं, ते कधी पेटवलंस का रे?"

"छे! घुबडाला कोणी जाळतं का? पुसून ठेवतो मी त्याला दर आठवड्याला."

मग बहीण. मग व्याही. मग दवाखान्यातली नर्स. कोणी पेटवली नव्हती. तीन वर्षं सगळं गाव त्यांच्या मेणबत्त्यांचं कौतुक करत होतं, आणि त्यातली एकही मेणबत्ती मेणबत्ती नव्हती. काका खुर्चीत बसले. त्यांना खरोखर रडू येत होतं. दुसऱ्यांना जन्मभर टेस्ट करा, टेस्ट करा म्हणून सांगितलं आणि स्वतः एकदाही टेस्ट केली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"रडायचं असेल तर रडून घ्या," काकू म्हणाल्या, "पण पाच मिनिटांत आटपा. बारा वाजायला आता एकच दिवस राहिलाय."

पाच मिनिटांत आटपलं. काका उठले आणि लाइनवरचा बिघाड शोधतात तसा बिघाड शोधू लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ज्या रिळातली वात या मेणबत्त्यांना लावली होती, तीच वात नुसत्या पांढऱ्या मेणात बुडवून पेटवली. झकास जळली. म्हणजे वात निर्दोष. मेणही निर्दोष. मग त्यांनी जांभळी मेणबत्ती सुरीने उभी चिरली. वातीच्या टोकाला काळपट जांभळा चिखल बसला होता. खडूतला रंग मेणात विरघळलाच नव्हता. वात मेणाबरोबर तो गाळही वर ओढत होती आणि तोंडाशी तुंबून जात होती.

"खडू," काका म्हणाले. "तुझे खडू."

"खडू माझे," काकू म्हणाल्या, "पण ते मेणबत्तीत घालायची अक्कल कोणाची? माझी मुलं त्यांनी कागदावर चित्रं काढायची."

भांडायला वेळ नव्हता, नाहीतर हे भांडण चांगलं रंगलं असतं. पांढऱ्या मेणाच्या तीन लाद्या शिल्लक होत्या. पाइपचे तुकडे नऊ. तीन वेळा ओतलं तर सत्तावीस. प्रत्येक वेळची एक टेस्टला जाणार, म्हणजे बरोबर चोवीस उरणार. काकांनी मेण चढवलं, काकूंनी वाती कापल्या आणि बालवाडीतल्या मुलांसारखे पाइप बादलीतल्या गार पाण्यात रांगेत उभे केले. "हलायचं नाही," असं त्या एका तिरक्या पाइपला सवयीने म्हणाल्यासुद्धा.

पहिला घाणा उतरला. काकांनी त्यातली एक बशीवर चिकटवली, पेटवली आणि समोर खुर्ची टाकून बसले. ती जळत राहिली. दुसरा घाणा ओतून झाला तरी ती जळत होती. जेवणं झाली तरी जळत होती. चांगली दोन बोटं उरेपर्यंत जळली, तेव्हा काकूंनी दोन बोटांच्या चिमटीत वात दाबली. फुंकर मारायची त्यांनाही हिंमत झाली नाही.

रविवारी सकाळी तिसरा घाणा उतरला आणि काकांच्या हातांना कंड सुटली. समोर चोवीस पांढऱ्या, बोडक्या, सरळसोट मेणबत्त्या. ना पाकळी, ना पीळ. असल्या तर दुकानातही मिळतात! एकीला नुसता लाल पट्टा ओढला तर? अगदी बारीक?

"मुठी उघडा," मागून आवाज आला.

"कशाला?"

"उघडा म्हणते ना."

काकांनी मुठी उघडल्या. उजव्या हातात लाल खडूचा तुकडा होता. काकूंनी तो काढून घेतला आणि मग सव्वीस वर्षांच्या अनुभवाने त्यांचा खिसाही तपासला. तिथे पिवळा निघाला.

बारा वाजता चोवीस मेणबत्त्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. संध्याकाळी सातला हॉल भरला. काचेच्या बशांवर मेणबत्त्या मांडून झाल्या होत्या, अकरा विद्यार्थी व्हायोलिनं सांभाळत बसले होते, आणि काकांना बाईंनी मेन स्विचजवळची खुर्ची दिली होती. बोर्ड नीट दिसावा म्हणून त्यांनी ती कालची दोन बोटं उरलेली मेणबत्ती आपल्या शेजारी लावून ठेवली. बाईंनी सगळ्यांचे आभार मानले. हॉलचे, खुर्च्यांचे, पालकांच्या सहनशक्तीचे. "आणि वीज घालवण्याचं काम आपले फ्यूजकाका करणार आहेत," त्या म्हणाल्या. लोक खदखदून हसले. मेणबत्त्या कोणी केल्या हे सांगायचं गडबडीत राहूनच गेलं. काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी कोपराने ढोसलं, म्हणजे गप्प बसा.

काकांनी स्विच खाली ओढला. चौतीस वर्षांत त्यांनी मुद्दाम केलेला हा पहिला अंधार.

वादन कसं झालं ते विचारू नका. एका विद्यार्थ्याचा सूर शेवटपर्यंत दुसऱ्या खोलीत असल्यासारखा वाजत होता, आणि एका बँकेतल्या साहेबांनी आपलं व्हायोलिन इतकं घट्ट धरलं होतं की त्याचीच दया येत होती. पण मेणबत्त्या जळत होत्या. काका एकेक मोजत होते. चोवीसच्या चोवीस. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं, हे काकांना जरा लागलं. लोक बघत होते एकमेकांच्या तोंडांकडे, वाजवणाऱ्या बोटांकडे. दुसऱ्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडं, जी पाण्याच्या टाकीवरून वर्षभर बोलत नव्हती, ती एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसली होती, कदाचित अंधारात कोण शेजारी आहे ते कळलं नसेल म्हणूनही असेल.

शेवटी बाईंनी स्वतः वाजवलं. ते संपल्यावर टाळ्या झाल्या. टाळ्या ओसरल्या तसे काका उठले. कार्यक्रम झाला की दिवे लावायचे, ठरलंच होतं. सवयीने त्यांचा हात वर गेला आणि स्विचवर टेकला. आता 'आली' म्हणतील, आणि मग फुंकर. काकांनी डोळे किंचित मिटून घेतले.

"अहो फ्यूज!"

पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. तक्रार आजोबा होते.

"घाई काय आहे तुम्हाला? राहू द्या की जरा असंच."

"हो काका, नका लावू इतक्यात," बाई म्हणाल्या. "बसू या थोडा वेळ," आणखी कोणीतरी म्हणालं.

काकांचा हात स्विचवरच राहिला. चौतीस वर्षांत त्यांना किती लोकांनी हाका मारल्या असतील, शिव्या दिल्या असतील, फोन केले असतील. दिवा लावू नका असं आजवर कोणीही म्हटलं नव्हतं, आणि म्हणालं तेही कोण! त्यांनी हात खाली घेतला आणि खुर्चीत बसले. डोळे भरून आले होते, आणि त्या उजेडात ते पुसले तरी कोणाला दिसणार नव्हतं, म्हणून त्यांनी खुशाल पुसले.

माणसं उठली नाहीत. कोणी खुर्ची वळवली, कोणी जमिनीवर बसलं, आजोबा पूर्वी इमारतीत वीज नव्हती तेव्हाचं काहीतरी सांगू लागले आणि ते ऐकून लोक हसू लागले. काकांच्या शेजारच्या बशीत ती दोन बोटांची मेणबत्ती आता नखाएवढी उरली होती. वात वाकली, मेणात आडवी झाली, निळी झाली, आणि गेली. बारीक धूर वर आला.

"विझली हो तुमची," काकू कुजबुजल्या.

"विझली नाही," काका इतक्या मोठ्याने म्हणाले की मागच्या दोन रांगांनी वळून बघितलं. "संपली."